राक्षसाची शेवटची इच्छा

आमचा भाचा सुट्टीला भिवंडीला आला की घरात दोन यंत्रांचा आवाज असतो. एक मागच्या गल्लीतला यंत्रमाग आणि दुसरा भाच्याचा संगणक. मागाच्या खटखटाटाची आम्हांला इतकी सवय झाली आहे की वीज गेली की झोप मोडते. संगणकाचे तसे नाही. परवा त्यातून अशी काही डरकाळी आली, की हातातल्या चहाची बशी कलली.

"काय रे हे?"

"ऑर्क आहेत मामा. म्हणजे आपले राक्षस. पण हे खूप देवभक्त आहेत."

'पण' या शब्दाचे मला हसू आले. राक्षस आणि पुन्हा देवभक्त, यात आपल्याला नवल कसले! रावणापासून बाणासुरापर्यंत आमच्या राक्षसांनी जेवढे तप केले, तेवढे देवांनीही केले नसेल. देव बिचारे वर देण्याच्या आणि मग तो निस्तरण्याच्या कामात गुंतलेले. तेव्हा जातिवंत भाविक राक्षस कसा असतो हे मी या पोराला दाखवून देईन, अशा तयारीने खुर्ची ओढून बसलो. तीन तासांनी उठलो, तेव्हा रात्रीचे जेवण निवून गेले होते आणि "अहो, तुम्हीसुद्धा?" एवढेच शब्द घरातून ऐकू आले.

खेळाचे नाव 'स्कायरिम'. आला 2011 साली, पण पोरे अजून खेळतात. त्यात ऑर्कांची कुळे डोंगरकपारीत लाकडी कोट बांधून राहतात. प्रत्येक कोटाला एक सरदार, आणि लग्न करायचा हक्क फक्त त्याला. (हे वाक्य मी भाच्याकडून दोनदा वदवून घेतले. दुसऱ्यांदा घरातून भांडे आपटल्याचा आवाज आला.) मुलगा मोठा झाला की त्याने बापाला लढाईत मारून गादीवर बसायचे. म्हणजे वारसनोंदीचा त्रास नाही. देव मात्र सगळ्यांचा एकच, मॅलाकॅथ. हा पूर्वी मोठा मानाचा देव होता, पण दुसऱ्या एका दैवताने त्याला गिळले आणि पचवून बाहेर टाकले, अशी त्यांची पुराणकथा. तेव्हापासून तो ओवाळून टाकलेल्यांचा, बहिष्कृतांचा देव झाला.

या खेळातला लार्गाशबुर नावाच्या कोटाचा भाग तर एखाद्या कसलेल्या लेखकाने लिहिल्यासारखा आहे. कुळाला देवाचा शाप लागलेला असतो. एक म्हातारी पुजारीण आहे, ती पूजेचे साहित्य सांगते. एका हिडीस प्राण्याची चरबी आणि एका दैत्याचे काळीज. आमच्या भटजींच्या यादीत फार तर सुपाऱ्या वाढतात! साहित्य आणले, पूजा झाली, आणि देव खरोखर बोलला. बोलला म्हणजे काय, सगळ्या कुळादेखत सरदाराला झापला. तू भेकड आहेस, माझे ठाणे महाकायांनी बळकावले आहे, जा, त्यांच्या म्होरक्याला मार आणि त्याचा सोटा घेऊन ये.

आणि हा यामार्झ नावाचा सरदार काय करतो? वाटेत आपल्याला बाजूला घेऊन म्हणतो, पैसे देतो, तेवढा तो महाकाय तूच मारून टाक. नवस याचा, फेडणार दुसरा! हे ऐकून मी खुर्चीत ताठ बसलो. हा माणूस मी पाहिला आहे. काउंटरच्या पलीकडे रोज उभा असतो. आपण ते काम केले, तर गुपित फुटू नये म्हणून तो आपल्यावरच शस्त्र उगारतो. हासुद्धा ओळखीचाच. खेळ लिहिणाऱ्याला भक्ती कळली आहे यात शंका नाही. देव कडक, भक्त भित्रा आणि मध्ये एक पुजारीण हिशेब सांभाळणारी. ही तीन माणसे जमली की कुठल्याही धर्माचे देऊळ उभे राहते.

ऑर्कांचे दिवस पालटले म्हणायचे. टॉल्किनच्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मध्ये (1954-55) ते निव्वळ कापायला जन्मलेले. पुढे 1974 साली 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा फासे टाकून खेळायचा खेळ निघाला, त्यात ऑर्क मारला की गुण मिळायचे. पण मग त्यांनाही एक एकाक्ष देव मिळाला, ग्रूम्श. त्याची कथा अशी, की देवांनी चिठ्ठ्या टाकून पृथ्वी वाटून घेतली. कुणाला डोंगर, कुणाला रान. ऑर्कांची पाळी आली तेव्हा काहीच उरले नव्हते, आणि बाकीचे देव हसले. तेव्हा चिडून त्याने भाला उचलला. सातबाऱ्यावरचे भांडण पाहिलेल्या माणसाला या देवाचा राग परका वाटत नाही.

इतके सगळे असून माझी तक्रार आहे, आणि ती त्या महाकायाबद्दल आहे. तो मरतो, आपण सोटा उचलतो, पुढे जातो. तो त्या ठाण्यात का आला होता, हे कुणी विचारत नाही. कालपर्यंत ऑर्काला जे कुणी विचारले नाही, ते आज ऑर्काच्या बाजूने खेळताना आपण महाकायाला विचारत नाही. बँकेत साधे खाते बंद करायच्या अर्जावरसुद्धा 'कारण' असा एक रकाना असतो. इथे तोही नाही.

आमच्या पुराणात तो रकाना आहे. खंडोबाने मणी आणि मल्ल या दैत्यांशी लढाई केली. कथा सांगते, की मरता मरता मणी शरण आला, आपला घोडा त्याने देवाला दिला आणि मागणे मागितले की मला तुझ्याजवळ राहू दे. देव म्हणाला, राहा. आणि मल्लाचे नाव तर देवाच्याच नावात जाऊन बसले. मल्हारी म्हणजे मल्लाचा अरी. आपण 'जय मल्हार' म्हणतो, तेव्हा दैत्याचाही उच्चार होतोच. कोल्हासुराने देवीच्या हातून मरताना मागितले, की या गावाला माझे नाव असू दे. कोल्हापूरकर आजही पत्त्यात त्याचे नाव लिहितात. आमच्या देवांनी राक्षसाला मारले, यात दयामाया दाखवली असे नाही. पण मारण्याआधी विचारले, बाबा, तुला काय हवे?

हे मी भिवंडीत राहून म्हणतो, म्हणून मला ते मोठे वाटते. या गावाने 1970 सालची दंगल पाहिली आणि 1984 सालची पाहिली. दंगलीत प्रत्येक गल्लीला पलीकडची गल्ली राक्षसांची वाटते, आणि गंमत म्हणजे दोन्हींकडचे लोक भाविकच असतात. पुढे 1988 सालापासून पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या काढल्या. म्हणजे केले काय? इकडच्या आणि तिकडच्या माणसांना एका सतरंजीवर बसवले आणि एकमेकांना विचारायला लावले, की बाबा, तुला काय हवे? कुणाला नळ हवा होता, कुणाला दिवा. 1992-93 साली मुंबई पेटली, तेव्हा भिवंडी शांत राहिली. पुराणातली युक्ती पोलिसांच्या वहीत सापडली, एवढेच.

रविवारी भाच्याला आमच्याच तालुक्यातल्या वज्रेश्वरीला घेऊन गेलो. चिमाजी अप्पांनी देवीला नवस बोलला आणि 1739 साली वसई जिंकल्यावर देऊळ बांधून तो फेडला, हे त्याला मुद्दाम सांगितले. "यामार्झसारखं दुसऱ्याला नाही पाठवलं," तो म्हणाला. पोरगे हुशार आहे. मग गरम पाण्याच्या कुंडाशी आलो. देवीने मारलेल्या राक्षसांचे रक्त म्हणजेच हे गरम पाणी, असे लोक सांगतात. सांधेदुखीला उत्तम, असेही तेच लोक सांगतात.

मी धोतर सावरून गुडघ्यापर्यंत पाय बुडवले.

"मामा, यांना कुणी शेवटचं काही विचारलं होतं का रे?"

यावर मामाजवळ उत्तर असायला हवे होते. मी डोळे मिटले आणि मनातल्या मनात त्या राक्षसांना एकदा विचारून घेतले. उत्तर आले नाही, पण डावा गुडघा जरा हलका वाटला. उजवा अजून दुखतोच आहे. त्याच्यासाठी पुढच्या रविवारी पुन्हा जाऊन विचारावे म्हणतो.