बाप्तिस्म्यानंतरची पानं

पुण्यातली खोली सोडून मी बार्शीटाकळीला परत आलो तेव्हा माझ्याकडे कपड्यांची एक बॅग होती आणि एमपीएससीच्या पुस्तकांची दोन खोकी. चार प्रयत्न झाले होते. पुस्तकं रद्दीत घालावीत की धाकट्या कुणाला द्यावीत, हेही ठरत नव्हतं. घरात कुणी काही बोललं नाही. बाबा तुरीवर फवारणीला जायचे, आई ताट वाढायची. बोलले असते तर बरं झालं असतं.

आमच्या गल्लीत एक रिटायर्ड नर्स राहतात. गावात ख्रिस्ती घरं अगदी थोडी, त्यामुळे सगळं गाव त्यांना नुसतं 'सिस्टर' म्हणतं. नवरा गेला, मुलगा दूर, त्याचा फोनही क्वचित. तरी दर रविवारी सकाळच्या एसटीनं त्या अकोल्याला चर्चमध्ये जातात. एकदा मी जरा रागातच विचारलं, "सिस्टर, एवढं सगळं झालं. तुमचा भरवसा आहे तरी कशावर?"

"मले काय विचारतं बाबू? लक्ष्मीबाईले विचार," त्या म्हणाल्या आणि मागचं पान सुटलेली 'स्मृतिचित्रे'ची प्रत माझ्या हातात दिली.

हे पुस्तक आपल्याला शाळेतल्या धड्यापुरतं माहीत असतं. सोवळ्यापायी मीठ-साखरसुद्धा धुवायला लावणारे वडील, हातात पैसा आला की कुणाला तरी देऊन मोकळे होणारे ना. वा. टिळक, आणि या सगळ्याकडे मिश्कीलपणे पाहणाऱ्या लक्ष्मीबाई. आपण हसतो आणि पुढे जातो. मराठी वाचकानं या पुस्तकातला विनोद उचलला आणि श्रद्धा जागेवरच ठेवली, असं मला आता वाटतं. मीही तेच करणार होतो. पण मी प्रश्न घेऊन वाचायला बसलो होतो: या बाईचं आयुष्य इतक्यांदा विस्कटलं, तेव्हा तिनं आशा कुठे ठेवली?

विस्कटलं म्हणजे किती, ते पाहू. लहानपणी लग्न. न सांगता घर सोडून जाणारा नवरा. तान्हेपणी गेलेली लेकरं. मग १८९५ साली टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंच्या पायाखालची जमीनच गेली. नवरा जिवंत, पण त्याच्या हातचं पाणी चालत नाही. लहानग्या दत्तूला घेऊन त्या काही वर्षं वेगळ्या राहिल्या. त्या काळातलं दुःख त्यांनी कुठेही लपवलेलं नाही, आणि त्यातून काय शिकले हेही सांगितलेलं नाही. पुढे त्या टिळकांकडे परतल्या, पण धर्म न बदलता. त्यांच्या मनातून आधी जातिभेद गेला, ख्रिस्त नंतर आला. १९०० साली राहुरीला त्यांचा बाप्तिस्मा झाला.

दुसऱ्या कुणाची गोष्ट असती तर इथे संपली असती. ख्रिस्ती मंडळींमध्ये 'साक्ष' देण्याची पद्धत आहे. मी असा होतो, मग प्रभू भेटला, आता मी असा आहे. आधी अंधार, मग उजेड. मराठीतल्या ख्रिस्ती लेखनाची सुरुवातही याच वळणानं झाली. बाबा पदमनजींच्या १८५७ च्या 'यमुनापर्यटन'मध्ये यमुना गावोगावच्या विधवांची दुःखं बघते, स्वतः विधवा होते आणि शेवटी ख्रिस्ती होऊन पुन्हा लग्न करते. पदमनजींचा विधवांबद्दलचा कळवळा खरा आहे, त्या काळात तो धाडसाचाही होता. पण त्या कादंबरीत आशेला पत्ता आहे: धर्म बदलला, की पुढच्या प्रकरणात सुख.

एमपीएससीवाल्यांना ही रचना नीट कळेल. निकालाची तारीख, त्याआधीचं आयुष्य आणि त्यानंतरचं आयुष्य. मी सात वर्षं त्याच रचनेत राहत होतो.

लक्ष्मीबाई मात्र लिहितच राहतात. बाप्तिस्म्यानंतरची पानं बाप्तिस्म्याआधीच्या पानांसारखीच आहेत! पैशाची ओढाताण तीच. टिळकांचे लहरी बेत तेच. १९१७ मध्ये टिळकांनी मिशनची नोकरीही सोडली आणि 'देवाचा दरबार' काढला. नावच्या नावं कल्पना भव्य, घर चालवणारीच्या बाजूनं बघा. दोन वर्षांनी, १९१९ च्या मे महिन्यात, टिळक गेले. ख्रिस्तानं त्यांचा संसार सुरळीत करून दिला, असं हे पुस्तक एकदाही म्हणत नाही. म्हणूनच त्यातल्या श्रद्धेवर माझ्यासारख्याचा विश्वास बसतो. फरक पडतो तो घराच्या दारात. जिला परक्याची सावली चालत नव्हती, तिच्या घरात पोरकी मुलं, आजारी माणसं, कुठल्याही जातीचे पाहुणे राहतात, जेवतात. भांडणं होतात, पीठ संपतं. तिनं आशा कुठे ठेवली याचं उत्तर मला या पंगतीत दिसलं.

वऱ्हाडाला हे अगदी परकं नसावं. १९०० च्या आसपासच्या दुष्काळात अकोला-खामगाव भागात मिशनच्या लोकांनी पोरक्या मुलांना आसरा दिला होता. तिकडे केडगावला पंडिता रमाबाईंनी शेकडो मुली-बायकांना जवळ केलं. रमाबाईंचे आईवडील दुष्काळातच गेले होते, मग भाऊ, मग नवरा, आणि १९२१ मध्ये एकुलती मनोरमा. त्या वेळी त्यांच्या हातात बायबलचं भाषांतर होतं. ते पुरं करून १९२२ च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या. लेक गेल्यावर माणूस प्रुफं कशी तपासतं, हे मला कळत नाही. पण त्यांनी काम थांबवलं नाही.

'स्मृतिचित्रे'बद्दल माझी एक तक्रार आहे. जात सोडण्याचा प्रसंग लक्ष्मीबाई जितक्या मोकळेपणानं उलगडतात, तितकं प्रार्थनेबद्दल बोलत नाहीत. रात्री सगळे झोपल्यावर ही बाई देवाशी काय बोलत असेल? टिळकांनी भजनांतून ख्रिस्ताला वारकऱ्यांसारखी आईची हाक मारली. आतलं सगळं तिथे उघडं आहे. लक्ष्मीबाई तिथे दार लोटून घेतात. त्यामुळे माझं उत्तर अर्धंच असेल, ही शंका राहते.

पुस्तक परत करताना मी हे सगळं सिस्टरना सांगितलं. पंगत, पोरकी मुलं, वगैरे. त्या तांदूळ निवडत होत्या.

"हे तं तू तुया सोयीनं वाचलं," त्या म्हणाल्या. "आमची आशा पुनरुत्थानावर हाय. मेलेला येशू उठला, म्हणून मायावाला माणूस मले पुन्हा भेटीन. हे नसतं, तं मी काहून जगू? लक्ष्मीबाईच्या मनात बी तेच असीन. तिनं लिहिलं नसीन एवढंच."

मी म्हटलं, पुस्तकात ते दिसायला तर हवं. त्या हसल्या. "तुये बाबा पेरणीच्या आधी कुठं लिहून ठेवतात, पाऊस येईन म्हणून?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही. समीक्षक म्हणून मी पानावर जे आहे तेवढंच धरणार. पण हेही खरं, की टिळकांचं 'ख्रिस्तायन' अर्धवट राहिलं होतं, ते नवऱ्यामागे लक्ष्मीबाईंनी पुढे नेलं. आणि 'स्मृतिचित्रे'चा चौथा भाग छापून आला तो १९३६ मध्ये, त्या गेल्यानंतर. स्वतःचं पुस्तक पुरं झालेलं त्यांनी पाहिलं नाही.

उठताना सिस्टरनी विचारलं, खोक्यांतली पुस्तकं काय केली? अजून तशीच आहेत, म्हटलं. कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीवाल्याची मुलगी यंदा पहिल्यांदा बसतेय म्हणे. तिला गणिताचं हवंय.

संध्याकाळी एक खोकं मी सायकलवर ठेवलं. दुसरं अजून घरी आहे.