कथा परत पाठवणारा माणूस

भवानी पेठेत गोष्टींना तोटा नाही. सोलापूरकर ज्याला नुसतं ‘पूर्व भाग’ म्हणतात, तिथली ही पेठ. एका बोळात यंत्रमागांचा खडखडाट, दुसऱ्यात उंबऱ्याशी सूप मांडीवर घेऊन विड्या वळणाऱ्या बायका. घरात तेलुगू, दुकानात मराठी, शेजारी कन्नड, आणि मागावर या सगळ्यांची मिळून झालेली चौथीच बोली. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ निघतो, कोजागरीला तुळजापूरकडे चालत निघालेल्यांची रीघ लागते. कर्ज, लग्न, बंद पडलेला माग, मुलाला पुण्यात लागलेली नोकरी हे सगळं एकाच भिंतीच्या अलीकडे-पलीकडे चाललेलं असतं. असं असूनही मराठी कथेच्या नकाशावर ही पेठ, निदान माझ्या वाचनात तरी, ठळक उमटलेली नाही.

सोलापूर लिहीत नाही असं कुणी म्हणू नये. कवींची तर या शहरात परंपराच आहे: कुंजविहारी, संजीव, रा. ना. पवार, दत्ता हलसगीकर. लक्ष्मीनारायण बोल्लींनी मराठी आणि तेलुगू दोन्ही भाषांत लिहिलं आणि ‘एका साळियाने’ या आत्मकथनात विणकराच्या घराला मराठी गद्यात जागा करून दिली. सोलापुरात जन्मलेले मारुती चितमपल्ली रानावनात फिरून आले आणि २००६मध्ये याच शहरातल्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. दलित कथेत योगीराज वाघमारे आहेत. म्हणजे कविता आहे, आत्मकथन आहे, ललित गद्य आहे. कथा मात्र तुलनेने हडकुळी राहिली. का राहिली, हे पाहायचं तर मराठीत कथा लिहायला माणूस शिकतो कुठे, हे आधी पाहावं लागतं.

पहिलं उत्तर ना. सी. फडक्यांनी दिलं. ‘प्रतिभासाधन’ १९३१ला आलं आणि लेखन ही शिकण्याजोगी, सरावाने हाती येणारी गोष्ट आहे हे मराठीत पहिल्यांदाच कुणी इतक्या ठणठणीत आवाजात सांगितलं. लघुकथेच्या तंत्रावरही त्यांनी पुढे स्वतंत्र लिहिलं. सुरुवात पकड घेणारी हवी, पसारा नको, सगळं एका परिणामाकडे वाहत गेलं पाहिजे. या विचाराचं मूळ थेट एडगर ॲलन पोपर्यंत जातं. त्याने १८४२मध्ये हॉथॉर्नच्या कथांविषयी लिहिताना एकाच परिणामाचा आग्रह धरला होता. फडक्यांची आज सर्रास टिंगल होते, पण मला ती पटत नाही. कथा म्हणजे नुसती हकीकत नव्हे, तिला घडवावं लागतं, हे भान त्यांनी एका पिढीला दिलं. त्यांचे प्रतिस्पर्धी मानले गेलेले वि. स. खांडेकर १९४१मध्ये सोलापूरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. कला की जीवन, हा त्या दोघांच्या नावाने गाजलेला वाद तेव्हा ऐन भरात होता.

त्या वादाचं आज काय उरलं आहे? जिल्हापातळीवरच्या कोणत्याही कथास्पर्धेच्या गठ्ठ्यात हात घाला. बहुतेक कथा फडक्यांच्या तंत्राने सुरू होतात आणि खांडेकरांच्या तळमळीने संपतात, दोघांचंही बळ न घेता. पूर्व भागातल्या विडी कामगार बाईची कथा तर मी इतक्या वेळा वाचली आहे की डोळे मिटून सांगता येईल. आई विड्या वळते, खोकते. मुलगी हुशार आहे. बाप पितो. मुलगी दहावीला पहिली येते त्याच दिवशी आई जाते, आणि शेवटच्या परिच्छेदात लेखक स्वतः उठून समाजाला चार शब्द सुनावतो. यातलं काहीच खोटं नाही. पण यातलं काहीच त्या लेखकाने पाहिलेलंही नाही, जरी तो त्याच बोळात वाढलेला असला तरी.

आता खरंच पाहिलं तर काय दिसतं? पानं भिजत घालायची, पत्र्याच्या साच्याच्या मापाने कात्रीने कापायची, तंबाखू भरून वळायची, दोऱ्याने बांधायची, मग तोंड मुडपायचं. हजार विड्यांचा हिशेब. दुसऱ्या दिवशी कारखान्यात चेकर जुड्या हातात घेतो आणि त्यातल्या काही छाट म्हणून बाजूला टाकतो. छाट विड्यांची मजुरी मिळत नाही आणि त्या परतही मिळत नाहीत, ही कामगार बायकांची जुनी तक्रार. समजा, त्या हजारांतल्या दोनशे विड्यांची तोंडं शाळेत जाण्याआधी मुलीने मुडपली आहेत. आईला हात ओळखू येतो. मुलीच्या विडीचं तोंड जरा जास्त दाबलेलं असतं. चेकर बाजूला टाकतो त्या नेमक्या आईच्या स्वतःच्या विड्या असतात, मुलीच्या नाहीत. बाई घरी येते. मुलगी विचारते, “अव्वा, किती छाट?” आणि आई काय सांगते? इथे कथा सुरू होते. आईचा हात सैल पडू लागला आहे, मुलीचा हात बसू लागला आहे, आणि ही आनंदाची बातमी आहे की भीतीची, हे दोघींनाही ठरवता येत नाही. खोकला नको, दारू नको, पहिला नंबर तर नकोच. हे सगळं त्या लिहिणाऱ्या पोराला ठाऊक असतं. मात्र ‘हे लिहिण्यासारखं आहे’ असं त्याला कधी कुणी म्हटलेलं नसतं, आणि ‘ते शेवटचे चार शब्द काढ’ असंही कुणी म्हटलेलं नसतं.

असं म्हणणारी माणसं मराठीत होती. ‘सत्यकथा’ १९३३ला सुरू झालं आणि १९८२ला बंद पडलं. त्याच्या ऐन काळात श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांनी जे केलं, ते मराठी कथेचं खरं शिक्षण होतं. कथा परत यायची, सोबत पत्र यायचं. कुठे सैल आहे, कुठे लेखक पात्राच्या तोंडी स्वतः बोलतो आहे, शेवट कुठे होऊन गेला आहे आणि त्यापुढे पान उगाच वाढलं आहे. लेखक ती पुन्हा लिहायचा, पुन्हा पाठवायचा. गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, पु. भा. भावे, व्यंकटेश माडगूळकर यांच्या नवकथेमागे केवळ चार प्रतिभावंत नव्हते. कथा आली की ती दोनदा वाचणारं आणि प्रसंगी नाही म्हणणारं एक टेबल होतं. पटवर्धन स्वतः मोठे अनुवादक. ‘पाडस’ ज्यांनी वाचलं आहे त्यांना वाक्याचा तोल हा माणूस कसा पाहत असेल याची कल्पना येईल.

या टेबलाची आरती ओवाळायचं कारण नाही. १९६९मध्ये राजा ढाल्यांनी ‘सत्यकथेची सत्यकथा’ लिहिली आणि त्या मासिकाची होळीही झाली, ते उगाच नव्हे. एका विशिष्ट अभिरुचीचा, एका विशिष्ट भाषेचा तो दरबार होता. बाबूराव बागुलांचं ‘जेव्हा मी जात चोरली होती!’ १९६३ला आलं तेव्हा कथेला कसला ताप चढू शकतो ते मराठी वाचकाला कळलं, आणि तो ताप कुठल्या संपादकाच्या पत्राने चढलेला नव्हता. योगायोग असा की त्याच वर्षी आयरिश कथाकार फ्रँक ओकॉनर याचं कथेवरचं ‘द लोनली व्हॉइस’ हे पुस्तक निघालं. कथा ही समाजाच्या काठावर, पाण्याखाली राहिलेल्या माणसांची असते, असं त्याचं म्हणणं. संपादनाचा अतिरेकही होतो. अमेरिकन कथाकार रेमंड कार्व्हर याच्या १९८१च्या संग्रहातल्या काही कथा गॉर्डन लिश या संपादकाने निम्म्याहून जास्त छाटल्या आणि त्या कथा नेमक्या कुणाच्या, हा वाद अजून मिटलेला नाही. तरीही दरबार मोडला तेव्हा दरबारातलं चांगलं काय होतं ते कुणी उचलून घेतलं नाही. त्या दरबाराविरुद्ध उभ्या राहिलेल्या लघुनियतकालिकांनी लेखकाला मोकळं केलं, परत पाठवणारा मात्र दिला नाही. त्यात भालचंद्र नेमाड्यांनी लघुकथेला कमी प्रतीचा प्रकार ठरवलं आणि हुशार तरुण कादंबरीकडे वळले. दोनशे पानं लिहिणं दहा पानं लिहिण्यापेक्षा सोपं असतं, ही गोष्ट त्यांना बहुधा उशिरा कळली असणार.

दुसरी एक शाळा सोलापूर जिल्ह्याच्या अगदी जवळची. अकलूजला १९२७मध्ये जन्मलेले द. मा. मिरासदार, त्यांच्यासोबत शंकर पाटील आणि व्यंकटेश माडगूळकर. या त्रयीने कथाकथन गावोगाव नेलं. कथाकथनाला हलकं समजण्याची समीक्षकांची खोड आहे. पण कथा मोठ्याने सांगताना समोरच्या हजार माणसांचं लक्ष नेमकं कुठल्या वाक्याला सुटतं, हे सांगणाऱ्याला तिथल्या तिथे कळतं. मिरासदारांच्या कथेत फालतू वाक्य सापडणं कठीण, ते यामुळेच. वाईट एवढंच झालं की नंतरच्या कथाकथनकारांनी हशा तेवढा घेतला.

आज शिकण्याच्या जागा वाढल्या आहेत. विद्यापीठांच्या मराठीच्या अभ्यासक्रमांत सर्जनशील लेखन आलं, कार्यशाळा होतात, मोबाइलवर कथा ऐकायची सोय झाली. यातल्या कशालाच माझा विरोध नाही. पण दोन दिवसांच्या कार्यशाळेत पात्रचित्रण, संवाद, निवेदन असे खण पाडून शिकवतात, शेवटी प्रमाणपत्र देतात आणि कथा लिहिली जाण्याआधीच शिबिर संपतं. व्हॉट्सॲपच्या गटावर कथा टाकली की तीन मिनिटांत अंगठे उठतात. तेवढ्या वेळात ती वाचूनही होत नाही. दिवाळी अंकांची परंपरा १९०९च्या ‘मनोरंजन’पासूनची. आजही चांगली कथा मुख्यतः तिथेच येते, पण अनेक अंकांत आलेला मजकूर तपासायला वेळ असतो तो मुद्रितशोधनापुरता.

आणि भाषेचा प्रश्न. भवानी पेठेतला मुलगा आईशी तेलुगूत बोलतो, मित्राला “काय करलालाव?” म्हणतो, आणि कथा लिहायला बसला की त्याची सगळी पात्रं सदाशिव पेठेत राहायला जातात. साळी गडी मागावरून उठून “मी अत्यंत व्यथित झालो आहे” असं म्हणतो. शाळेने लाल शाई मारून मारून त्याला हे शिकवलं. याच्या उलट, धारवाडला राहून, चहूकडे कन्नड ऐकत जी. ए. कुलकर्णींनी जी मराठी घडवली ती बघा. सीमेवरच्या माणसाला दोन भाषांच्या मधली हवा मिळते आणि ती अडचण नसून भांडवल आहे, हे जी.एं.च्या पानापानावर दिसतं. त्यांची माणसं कानडी घरांतून, त्या ऊन-धुळीच्या मुलखातून येतात आणि मराठीत परकी वाटत नाहीत. माडगूळकरांनी माणदेशी बोलीचं तेच केलं. पूर्व भागातल्या तेलुगू-मराठीचं ते काम अजून व्हायचं आहे, आणि ते नुसते चार तेलुगू शब्द पेरून होणार नाही. वाक्य कुठे थांबतं, नकार कसा दिला जातो, थोरल्या जावेशी किती शब्दांत बोलायचं, इथून ते सुरू करावं लागेल.

होऊ शकतं याचा पुरावा आहे. मुंबईच्या गिरण्यांचा संप १९८२चा, म्हणजे ‘सत्यकथा’ मिटली त्याच वर्षीचा. गिरणगावाची राख जयंत पवारांनी पुढे कितीतरी वर्षांनी कथेत आणली. ‘फिनिक्सच्या राखेतून उठला मोर’ला २०१२चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. आसाराम लोमटे, किरण गुरव यांच्या संग्रहांनाही पुढे तोच मान मिळाला. म्हणजे कथा संपलेली नाही. गिरण्या सोलापूरच्याही बंद पडल्या आणि त्यांच्यामागे उरलेली माणसं इथेही आहेत.

यावर कुणी म्हणेल, मग सोलापुरातच दहा जणांनी महिन्याला जमावं, एकमेकांच्या कथा वाचाव्यात. जमावंच. मात्र त्यातली मेख शहरात राहणाऱ्याला ठाऊक असते. इथे प्रत्येक जण कुणाचा तरी शिक्षक, कुणाचा तरी व्याही, कुणाच्या तरी सत्काराचा आयोजक असतो. कथा वाईट आहे म्हटलं तर पुढच्या पुस्तकाच्या प्रकाशनाला बोलावणं येत नाही. म्हणून मग सगळेच “छान आहे” म्हणतात. गिरगावातल्या खटाववाडीतला ‘सत्यकथे’चा संपादक धारवाडच्या लेखकाला ओळखत नव्हता, त्याच्यासमोर फक्त कागद होता, आणि तोच त्याचा मोठा गुण. ती ओळख नसण्याची सोय टपालाने केली होती, आता ईमेल करू शकते. एखाद्या दिवाळी अंकाने, एखाद्या प्रकाशकाने वर्षभर पगार देऊन एक वाचक नेमावा. आलेल्या वीस कथांतल्या अठरा त्याने कारणासह परत पाठवाव्यात आणि त्या दुरुस्त होऊन आल्या की पुन्हा वाचाव्यात. पुरस्काराच्या एका समारंभाला मांडव, हार, शाल-श्रीफळ आणि जेवणावळ यांवर जो खर्च होतो, तेवढ्यात त्या वाचकाचे दोन-तीन महिने सहज निघतील.