डावीकडचा ब

वर्गाची यादी आहे. तिची प्रत्येक ओळ स्वतःच एक अ‍ॅरे: नाव, तुकडी, गुण. जास्त गुणवाला वर हवा, आणि गुण सारखे असतील तर नावांच्या क्रमाने. पीएचपीत या क्रमाचं सगळं मर्म एका ओळीत मावतं, आणि चलांची नावं रोमनच हवीत असा हट्ट या भाषेला नसल्याने ती ओळ देवनागरीतही जशीच्या तशी चालते:

[$ब['गुण'], $अ['नाव']] <=> [$अ['गुण'], $ब['नाव']]

यूसॉर्ट हे क्रम लावणारं फंक्शन यादीतल्या दोन-दोन ओळी उचलून अ आणि ब म्हणून पुढे करतं. आधी कोण, एवढंच या ओळीने सांगायचं.

आता नीट पाहा. नावांत अ डावीकडे, ब उजवीकडे: सरळ चढता क्रम. गुणांत मात्र ब डावीकडे येऊन बसलाय, आणि तेवढ्यानेच क्रम उतरता झाला! चौकटी कंसांची करामत त्याहून सुरेख. सारख्या लांबीचे दोन अ‍ॅरे समोरासमोर आले की पीएचपी पहिलं घर पहिल्याशी ताडून बघतं; तिथे बरोबरी झाली तरच दुसऱ्याकडे वळतं. ‘गुण सारखे असतील तर’ ही अट लिहावीच लागत नाही, मांडणीच ती पाळते.

<=> हे स्पेसशिप चिन्ह 2015 मध्ये पीएचपी 7 सोबत आलं. त्याआधी अनेक जण सरळ वजाबाकी करत. पूर्णांकांत ते खपून जाई, पण 89.5 आणि 89 आले की उत्तर अर्धा, यूसॉर्ट त्याचा पूर्णांक करून शून्य धरणार, आणि अर्ध्या गुणाने पुढे असलेली पोरगी बरोबरीत! अ‍ॅरे-मल्टीसॉर्टची वाट होतीच, पण तिथे आधी स्तंभ सुटे काढून द्यायचे. मला ते कापड उसवून पुन्हा शिवल्यासारखं वाटतं.

उणं एकच, पण मराठी डोळ्याला खुपणारं. नावांची तुलना बाइटवार होते. युनिकोडने ळ हा ल आणि व यांच्यामध्ये बसवलाय, म्हणून काळे कावळ्यांच्या आधी. क्षीरसागर तर खरेंच्याही आधी. तिथे इंटल विस्तारातला, मराठी वर्णक्रमाने तुलना करणारा कोलेटर बोलवावा लागतो. मग कंस सोडून दोन तुलना ?: ने जोडायच्या, गुणांची शून्य आली तरच नावांची होते.