सायबोर्नची वॉटर्लू-प्रतिकृती : तपशील आणि सत्य

शिशाच्या सैनिकांचे संग्रह व त्यांतून उभे केलेले रणदेखावे यांचे मूल्यमापन बहुधा तपशिलाच्या अचूकतेवरून केले जाते. गणवेशाचा रंग, पलटणीची गुंडी, बंदुकीची बनावट ही बरोबर असली म्हणजे देखावा ऐतिहासिक ठरला, अशी संग्राहकांची सर्वसाधारण समजूत असते. ही कसोटी अपुरी आहे, हे विल्यम सायबोर्न याने केलेल्या वॉटर्लूच्या प्रतिकृतीवरून विशेष स्पष्टपणे दिसून येते.

१८ जून १८१५ च्या या लढाईची प्रतिकृती करण्याचे काम १८३० साली ब्रिटिश सरसेनापती लॉर्ड हिल यांनी सायबोर्नवर सोपविले. तो स्वतः त्या लढाईत नव्हता. भूमापन हा त्याचा विषय. रणभूमीवरील ला ए सँत या शेतवाडीत मुक्काम करून त्याने आठ महिने मोजणी केली. पुढे हयात अधिकाऱ्यांना पत्रके पाठवून, सायंकाळी सातच्या सुमारास आपली तुकडी कोठे होती, समोरील शत्रूची रचना कशी होती, शेतांत कोणती पिके उभी होती, असे प्रश्न विचारले. शेकडो उत्तरे आली. साक्षीपुराव्याचे असे पद्धतशीर संकलन त्या काळी विरळाच होते. १८३३ मध्ये सरकारने पैसा थांबविल्यावर त्याने कर्ज काढून काम पुरे केले, आणि १८३८ साली लंडनच्या इजिप्शियन हॉलमध्ये ही प्रतिकृती प्रदर्शित झाली.

इतक्या काटेकोर कृतीतही तडजोड पहिल्यापासूनच आहे. भूमीचे प्रमाण एका मैलास नऊ फूट असे आहे. त्या प्रमाणात माणूस जेमतेम तीन मिलिमीटरचा होईल. सायबोर्नचे सैनिक मात्र सुमारे दहा मिलिमीटर उंचीचे आहेत, व त्यांतील प्रत्येक जण दोन माणसांच्या जागी उभा आहे. हा दोष नव्हे. पाहणाऱ्यास काही दिसावयाचे तर ते अपरिहार्यच होते. परंतु रणदेखावा हा वास्तवाचा ठसा नसून वास्तवाविषयीचे विधान असतो, ही गोष्ट येथेच सिद्ध होते.

या विधानाचे सर्वांत महत्त्वाचे पद म्हणजे निवडलेला क्षण. लढाई दिवसभर चालते. देखावा एकाच क्षणावर थांबतो. सायबोर्नने नेपोलियनच्या शाही रक्षकदलाच्या अखेरच्या हल्ल्याचा क्षण घेतला. त्या वेळी प्रशियन सैन्य फ्रेंचांच्या उजव्या बगलेवर, प्लांस्न्वा गावाभोवती, झुंजत होते. म्हणून मूळ योजनेत सुमारे ४८,००० प्रशियन सैनिक दाखविण्यात आले होते. त्यामुळे विजयाचे श्रेय विभागले जाते, असा आक्षेप वेलिंग्टनच्या बाजूने आला. आणि पुढे त्यांपैकी सुमारे ४०,००० सैनिकांचे पुतळे काढण्यात आले. हे दडपणाखाली झाले की पुराव्याच्या फेरविचाराने, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. निर्णय कोणताही लागो, परिणाम एकच राहतो : उरलेल्या प्रत्येक सैनिकाची जागा काळजीपूर्वक ठरविलेली असूनही संपूर्ण चित्राचा तोल ढळला. सायंकाळचा क्षण स्वीकारून प्रशियनांना वगळणे हे त्या क्षणाच्याच अर्थाशी विसंगत आहे.

सायबोर्नची दुसरी प्रतिकृती या दृष्टीने उद्बोधक ठरते. तिचे प्रमाण मोठे, व्याप्ती मात्र लहान आहे. दुपारी ब्रिटिश घोडदळाने केलेला हल्ला एवढाच तिचा विषय. त्या घटकेस प्रशियन सैन्य लढाईत उतरलेच नव्हते. त्यामुळे त्यांचा अभाव येथे खोटा ठरत नाही. संपूर्ण लढाई दाखविण्याचा दावा सोडल्याने ही लहान कृती अधिक विश्वसनीय झाली आहे. पहिली प्रतिकृती लंडनच्या नॅशनल आर्मी म्युझियमच्या, तर दुसरी रॉयल आर्मरीजच्या संग्रहात आहे. दोन्ही एकत्र विचारात घेतल्याखेरीज सायबोर्नच्या कार्याचे न्याय्य मूल्यमापन होणार नाही.

सायबोर्न १८४९ मध्ये निवर्तला. त्याच्या मुलाने १८९१ साली अधिकाऱ्यांच्या पत्रांतील एक निवडक भाग प्रसिद्ध केला. प्रतिकृतीतून जे काढता आले ते पत्रसंग्रहातून पुसता आले नाही. मूळ पत्रे जपली गेल्यामुळेच प्रतिकृतीची उलटतपासणी शक्य झाली. यावरून रणदेखाव्याच्या समीक्षेची दिशा ठरते. गुंडीचा रंग अवश्य तपासावा. परंतु त्याआधी कोणता क्षण निवडला, कोणाच्या साक्षीवरून निवडला आणि कोणास पटाबाहेर ठेवले, हे तीन प्रश्न विचारावयास हवेत. त्यांची उत्तरे जो देखावा देऊ शकत नाही, तो कारागिरीचा उत्तम नमुना असेल. इतिहासाचे साधन म्हणून मात्र त्यावर विसंबता येणार नाही.