व्हॅम्पायर आले, संशय गेला

'द एक्स-फाइल्स' ही विज्ञानकाल्पनिक मालिका आणि '३० डेज ऑफ नाइट' हे व्हॅम्पायरांचं कॉमिक यांची सांगड घालणारी सहा अंकी कथा २०१०मध्ये निघू लागली. लेखक स्टीव्ह नाइल्स आणि ॲडम जोन्स, चित्रकार टॉम मँड्रेक. एफबीआयचे मल्डर आणि स्कली ध्रुवीय रात्रीच्या अलास्कात खुनांचा तपास करायला जातात. जोडी नामी आहे. तरी कथा फसते. मालिकांवर बेतलेल्या बहुतेक कॉमिक्सचं दुखणं इथे उघडं पडतं. पडद्यावरची माणसं उचलली जातात, त्या मालिकेची गोष्ट सांगण्याची रीत मात्र मागेच राहते.

'एक्स-फाइल्स'चा जीव संशयात होता. मल्डर विश्वास ठेवायला उतावीळ, स्कली पुरावा मागणारी, आणि प्रेक्षक दोघांच्या मध्ये. '३० डेज'च्या जगात व्हॅम्पायर आहेत हे वाचकाला आधीच ठाऊक असतं, त्यामुळे स्कलीच्या प्रत्येक शंकेचं उत्तर तिच्याआधी वाचकापाशी असतं. यावर कुणी म्हणेल, मालिकेनेही व्हॅम्पायर दाखवलेच होते. खरं आहे. पण १९९८चा 'बॅड ब्लड' हा व्हिन्स गिलिगनने लिहिलेला भाग आठवा. एकच प्रकरण दोघं आपापल्या परीने सांगतात; स्कलीच्या हकिकतीतला देखणा शेरीफ मल्डरच्या हकिकतीत दात पुढे आलेला गावंढळ होतो. व्हॅम्पायर खरे निघतात, पण कुणाच्या नजरेवर भिस्त ठेवायची हा प्रश्न सुटत नाही. मालिकेने संशय राक्षसावरून काढून सांगणाऱ्यावर नेला, हे तिचं मोठं कसब.

हे कॉमिकला तर आणखी सहज साधलं असतं. शेजारशेजारच्या दोन चौकटींत एकाच क्षणाच्या दोन साक्षी मांडता येतात, आणि वाचक हवं तेव्हा नजर मागे नेऊन त्या ताडून पाहू शकतो. २००२च्या मूळ '३० डेज'मध्ये बेन टेम्पलस्मिथने चेहरे फासटून टाकले. दात आणि रक्त तेवढे वर आले, बाकीचं वाचकाने चाचपायचं. मँड्रेकचा हात सावल्यांत मुरलेला आहे, पण मल्डर-स्कली साकारणारे डेव्हिड डुकॉव्हनी आणि जिलियन अँडरसन ओळखू आलेच पाहिजेत, या अटीपुढे असा धूसरपणा टिकणं कठीण.

परवान्यावर काढलेल्या धंदेवाईक पुस्तकाकडून एवढी अपेक्षा कशाला, हा आक्षेप मला पटत नाही. धंद्याचंच बघायचं तर '३० डेज'ची कल्पना आधी चित्रपट म्हणूनही मांडली गेली होती. तिथे ती खपली नाही, मग तिचं कॉमिक झालं, आणि त्या कॉमिकच्याच बळावर २००७मध्ये चित्रपट निघाला. मालिकेशी इमान राखूनही काय हाती लागतं? २०१३मध्ये 'एक्स-फाइल्स'चा दहावा सीझन कॉमिकरूपात आला, त्यात मालिकेचा निर्माता ख्रिस कार्टर याचाही सहभाग होता. २०१६मध्ये मालिका परतली ती या कॉमिकची दखल न घेता, स्वतःच्या वाटेने. पडद्यावर ज्याचा हिशेब द्यायचा नाही, त्या कॉमिकने चेहऱ्यांचं साम्य सोडून चौकटींवर भरवसा ठेवायला काय हरकत होती?