सावकारी पाशापासून मुळशीच्या मातीपर्यंत

चित्रपटाला घराणे असते काय? गवयाने एखादी जागा घेतली की जाणता श्रोता त्याच्या गुरूचे नाव सांगून मोकळा होतो. दिग्दर्शकाची चित्रचौकटही अशीच बोलकी असते. मात्र तिचे गुरू पुष्कळदा काळाच्या पडद्याआड गेलेले असतात. प्रवीण तरडे यांचा २०१८ साली आलेला ‘मुळशी पॅटर्न’ हा बोलपट या दृष्टीने पाहण्याजोगा आहे.

मुळशीच्या जमिनीचे दुःख जुने आहे. १९२१ साली टाटांच्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली इथला मावळा ‘जान किंवा जमीन’ म्हणत उभा राहिला. जमीन पाण्याखाली गेली. पुढे पुणे शहर पसरत आले आणि उरलेली जमीन पैशाखाली गेली. तरड्यांचा चित्रपट या दुसऱ्या बुडण्याचा आहे.

मुळशीचा लढा थंडावला न थंडावला तोच, १९२५ साली, कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी ‘सावकारी पाश’ हा मूकपट काढला. कथा नारायण हरी आपट्यांची. तरुण शेतकऱ्याच्या भूमिकेत व्ही. शांताराम. सावकार जमीन गिळतो आणि कुणबी शहरात गिरणीकामगार होतो, एवढीच गोष्ट. पण पौराणिक मुकुटांच्या त्या काळात पेंटरांनी कुणब्याची झोपडी पडद्यावर आणली. मंद उजेडातली ती उदास झोपडी आणि तिच्यापाशी रडणारे कुत्रे, हे दृश्य जे. बी. एच. वाडियांना पुढे कित्येक वर्षे आठवत राहिले. आमच्या वास्तववादाची गंगोत्री ती हीच.

दुसरा प्रवाह जर्मनीतून आला. तिथल्या अभिव्यक्तिवादी दिग्दर्शकांनी लांबलचक सावल्या आणि तिरकस उजेड यांतून मनातली भीती पडद्यावर मांडली. शांताराम १९३३ साली जर्मनीला जाऊन आले, आणि १९३४ च्या ‘अमृतमंथन’मध्ये राजगुरूचा एक डोळा सबंध पडदा व्यापून प्रेक्षकांकडे पाहू लागला. तीच जर्मन छाया फ्रिट्झ लांगसारख्यांबरोबर अमेरिकेत गेली, तिथल्या गुन्हेगारीपटात मुरली, आणि फिरत फिरत आपल्याकडच्या टोळीयुद्धांच्या चित्रपटांत उतरली.

तिसरा प्रवाह इटलीचा. १९५२ साली भारतातल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात ‘बायसिकल थीव्हज’ दाखवला गेला; १९५३ साली बिमल रॉय यांचा ‘दो बिघा जमीन’ आला. जमिनीसाठी कलकत्त्याच्या रस्त्यावर रिक्षा ओढणारा शंभू हा पेंटरांच्या शेतकऱ्याचा सख्खा भाऊच म्हणावा.

आता तरड्यांकडे वळू. त्यांनी ‘सावकारी पाश’ पाहून आपला चित्रपट बेतला असे कोणी म्हणणार नाही. त्या मूकपटाची प्रतच आज उरलेली नाही. पण घराण्याची तालीम नेहमी समोर बसूनच मिळते असे थोडेच आहे! जमीन विकून बसलेला सखा पाटील परक्याचा राखणदार होतो, मग पुण्याच्या मार्केट यार्डात हमाली करतो. मोहन जोशींचा तो पडलेला चेहरा आणि पाठीवरचे पोते पाहिले की पेंटर आणि रॉय दोघेही आठवतात. इथे कॅमेरा गप्प उभा राहतो, आणि म्हणूनच दृश्य बोलते.

राहुल टोळीत शिरतो तेव्हा मात्र दुसरे घराणे सूत्रे हाती घेते. ऐटदार मंद चाल, गर्जणारे संगीत, गुंडाच्या मागे धावणारी पोरे! ही झळाळी म्हणजेच सापळा, असे दिग्दर्शकाला म्हणायचे आहे, हे उघड आहे. पण जर्मन सावलीत मुळात भीती होती. इथे तिच्यात रुबाब शिरला आहे. ओम भूतकरांच्या डोळ्यांत विनाश दिसत असतानाही थिएटरातली तरुण मंडळी त्या चालीवर शिट्टी वाजवतात. दृश्याने अर्थावर केलेली ही कुरघोडी आहे, आणि हाच या चित्रपटाचा मोठा दोष.

तरीही हा चित्रपट आपल्या घरातल्या मुलांना, विशेषतः ज्यांच्या घरी सातबाऱ्याचा विषय निघतो त्यांना, जरूर दाखवावा. फक्त मुलाकडे नव्हे, बापाकडे पाहायला सांगावे. १९२५ च्या शेतकऱ्याची जमीन सावकाराने फसवून नेली. सखा पाटलाने आपली स्वतः विकली. शंभर वर्षांत पाशाचा दोर बदलला, पण गळा तोच राहिला. तो गळा दाखवण्यासाठी पेंटरांना एक झोपडी आणि थोडा अंधार पुरला होता, एवढे आमच्या दिग्दर्शकांनी ध्यानात ठेवले तरी पुष्कळ झाले.