पोर्टस्मथच्या कप्प्या व मुंबईचें जहाज

यंत्रानें सुतार बुडविला, हें मत सरसकट मांडिलें जातें. पुराव्यास तें टिकत नाहीं. इंग्लंडांत पोर्टस्मथच्या आरमारी गोदींत मार्क ब्रुनेलनें योजिलेलीं व हेन्री मॉड्स्लेनें घडविलेलीं यंत्रें इ. स. १८०३ पासून बसूं लागलीं. १८०८ सालीं त्यांवर १,३०,००० कप्प्या निघाल्या. ११० कसबी माणसांचें काम दहा साधे मजूर करूं लागले, असा हिशेब प्रसिद्ध आहे. तो जपून घ्यावा. ब्रुनेलचा मोबदला एका वर्षाच्या बचतीवरूनच ठरला होता! तथापि कप्पीकार हटले, हें खरें. मोठ्या लढाऊ जहाजास सुमारें हजार कप्प्या लागत, आणि एकीसारखी दुसरी असणें हाच कप्पीचा गुण.

जहाजाची फासळी तशी नव्हे. पोर्टस्मथच्याच गोदींत ती पुढेंहि हातानें तासली गेली. जमशेटजी बमनजी वाडिया यांनीं मुंबईस बांधलेलें, १८१७ सालीं पाण्यांत सोडलेलें सागवानी ‘त्रिंकोमाली’ आजहि हार्टलपूल येथें तरंगतें आहे. त्याचा आराखडा विलायतेचा. परंतु त्यांतील वळण कोणत्या वांकड्या ओंडक्यांत आधींच आहे, हें सुतारानें डोळ्यानें हेरावयाचें आणि मग वाकस चालवावयाचा. असें काम करील तें यंत्र पोर्टस्मथांतहि नव्हतें.